चित्राच्या कोपऱ्यातला बाण

बाबा,

आज मी तुमच्यावर चिडलो आहे. तुम्ही असते तर म्हणाले असते, आधी पाणी पी, मग बोल. पाणी प्यालो, वर चहाही झाला, राग काही उतरला नाही, म्हणून हे लिहायला बसलो. कारण म्हणाल तर तुमचा विद्यार्थी आहे. बार्शीटाकळीचा माझा दोस्त. रोज सकाळच्या एसटीने अकोल्याच्या शाळेत यायचा, मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसायचा, आणि विज्ञानाच्या तासाला तुम्ही आम्हा दोघांना सारखंच उभं करायचे. पोटचा पोरगा म्हणून मला कधी सूट नव्हती. तो रविवारी अमरावतीला माझ्या घरी आला होता.

तो आता गावाबाहेर, शेतातच घर बांधून राहतो. तिथलं नेट असं की मोबाइल खिडकीच्या गजाला टांगून ठेवला तर एखादा फोटो येतो, तोही डोक्याकडून सुरू होतो आणि गळ्यापाशी अडकतो. माझ्याकडे फायबर आहे. म्हणून गेम मी डाउनलोड करून ठेवतो आणि तो हार्ड डिस्क घेऊन येतो. चाळिशीकडे झुकलेले दोन बाप्ये अजून गेम खेळतात याची आमच्या बायकांना लाज वाटते, ते असो. मी स्वयंपाकघरात गिल्या वड्यावर दही घालत होतो, म्हणून पोरीला म्हटलं, काकाच्या डिस्कमध्ये तेवढा गेम टाकून दे. तिचा सगळा जन्म मोबाइलवर गेला, फोल्डर कशाशी खातात हे तिला कुठून माहीत असणार! तिने स्क्रीनवरचं गेमचं चित्र उचललं, डिस्कमध्ये टाकलं आणि म्हणाली, झालं. दोस्ताने वाकून पाहिलं आणि तो असा हसला की हातातला वडा परत ताटलीत पडला. म्हणाला, "अबे, पोरगी सरांवर गेली!" मीही हसलो, कारण तुमची ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मग डोळे पुसत तो म्हणाला, "सरांनी निदान मागून डबा तरी आनून देला होता."

मी म्हटलं, कोणता डबा? त्याने जीभ चावली.

तुमच्या बाजूचं नंतर. आधी माझी बाजू ऐका, कारण ती तुम्ही कधी ऐकलीच नाही. मी इंजिनिअरिंगला अमरावतीला आलो त्या वर्षी हा मोटरसायकलवरून पडला. पायात रॉड, वरून प्लॅस्टर, कॉलेजचं वर्ष गेलं, आणि दिवसभर समोरच्या खोलीत खाटेवर पडून. जोडीला त्याच्या वडिलांनी आणलेला जुना कॉम्प्युटर. त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, गाड्यांच्या शर्यतीचा तो गेम. त्याची आई म्हणाली होती, गाडीवरूनच पडला अन् याले खेळाले बी गाडीच पाहिजे. आपल्या अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरी तुम्ही शिक्षणाच्या नावाखाली ब्रॉडबँड घेतलं होतं, त्यावर मी तो गेम कितीतरी दिवस उतरवत होतो. लाइट गेली की माझा जीव जायचा. गेम पूर्ण झाला आणि माझं कॉलेज सुरू झालं. त्याचे वडील बाजाराला अकोल्यात येणार होते, त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये गेम टाकून द्यायचा एवढंच तुमचं काम. तुम्ही स्वयंपाकघरात आईसोबत अंबाडीची भाजी निवडत होते. मी उभ्याउभ्या सांगितलं, डी ड्राइव्हमध्ये फोल्डर आहे, तो अख्खा उचला, बराच वेळ लागेल, घाई करू नका. तुम्ही मान वर न करता म्हणाले, "मले नोको शिकवू. तू कुठं टिचकी मारतो ते रोज पाहतो मी."

आणि तुम्ही जिथे मी टिचकी मारायचो तेच चित्र उचलून टाकलं. क्षणात झालं. त्याचंही तुम्हाला कौतुक! फोनवर मला ऐकवलं, तू म्हणत होता वेळ लागते, कुठं लागला? वर तुम्ही पडताळाही घेतला. पडताळा घेतल्याशिवाय तोंड उघडू नये हे तुमचं वाक्य ऐकून तर आम्ही लहानाचे मोठे झालो. त्याच्या वडिलांसमोर तुम्ही पेनड्राइव्हमधलं चित्र उघडलं, आणि आपल्या कॉम्प्युटरवर गाड्या धावायला लागल्या. न धावायला काय झालं होतं? अख्खा गेम आपल्याच कॉम्प्युटरच्या पोटात होता, ते चित्र नुसतं त्याच्याकडे बोट दाखवत होतं. बाबा, तुम्ही विज्ञानाचे शिक्षक! एक कुंडी उन्हात ठेवा, एक अंधारात ठेवा, मगच निष्कर्ष काढा, हे आम्हाला कोणी शिकवलं? स्वतःची वेळ आली तर तुम्ही एकच कुंडी उन्हात ठेवली आणि मोकळे झाले.

पेनड्राइव्ह बार्शीटाकळीला गेला, तिथे काही उघडेना. दोस्ताला वाटलं मी त्याची गंमत केली. मला फोनवर म्हणाला, हॉस्टेलचे दोस्त भेटले म्हनून माह्या तंगडीची मजा घेऊन राहिला काय बे? मी त्याला समजावलं, मग तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणाले, माह्या डोळ्यासमोर चालला गेम. मी म्हटलं, फक्त आपल्याकडे चालणार तो. तुम्ही फोन ठेवून दिला. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही, तुम्ही त्याला स्वतः फोन लावला आणि पाय मोडून पडलेल्या त्या पोराला सांगितलं, दोष गेममध्ये नाही, तुझं मशीन भंगार आहे. ते मशीन त्याच्या वडिलांनी गोधडीत गुंडाळून आणलं होतं हो! त्यानंतर तो माझा फोन उचलेना.

शनिवारी मी अकोल्याला आलो, ठरवूनच की गेम नीट कॉपी करायचा आणि स्वतः बार्शीटाकळीला जाऊन यायचं. पाहतो तर टेबलावर मॉनिटर एकटाच, आणि खालचा सीपीयू गायब. तुम्ही म्हणाले, दुरुस्तीला टाकला. कुठे? अकोटला. अख्खं अकोला दुकानांनी भरलं आहे आणि आमचा सीपीयू अकोटला! मी तोंडाला येईल ते बोललो. तुम्ही पेपरची घडी सरळ केली. आईने कढईत पाहिलं. गेम त्या सीपीयूतच अडकला, दोस्त बोलेना, आणि सीपीयू काही महिने आला नाही. मी घरी यायचं कमी केलं. आलो तरी जेवायला वाढलं का, लाइटचं बिल भरलं का, एवढंच बोलायचो. माझी पक्की खात्री होती की स्वतःची चूक कबूल करायला नको म्हणून तुम्ही माझी दोस्ती पाण्यात घातली. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेले. त्या दिवशी दोस्त लंगडत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला, आणि आम्ही पुन्हा बोलायला लागलो. गेमचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

आता तुमची बाजू, जी मला रविवारी वडा खाताखाता कळली. त्याला फोनवर भंगार म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी तुम्ही शाळेला सुट्टी टाकली, सीपीयू चादरीत बांधला आणि मांडीवर घेऊन एसटीने बार्शीटाकळीला गेले. कंडक्टर म्हणाला, सर, वर टाका, तर तुम्ही हातही लावू दिला नाही. त्याच्या खाटेपाशी सगळं जोडलं, गेम चालवला आणि म्हणाले, पाह्य, चालते का नाही? म्हणजे तोपर्यंत तुम्ही भांडायलाच गेले होते. त्याने पडल्यापडल्या तुम्हाला ते चित्र जवळून पाहायला लावलं. म्हणाला, सर, कोपऱ्यात बारका बाण आहे पाहा. बाण असला म्हनजे गेम इथं नसते, तिकडं असते, हे नुसतं दाखवते. तो सांगतो, तुम्ही चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि स्क्रीनला नाक लावून तो बाण पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे मी तुले पत्ता देला, घर नाही देलं."

मग त्याने सांगितलं तसा तुम्ही गेम नीट कॉपी केला, त्याच्या मशीनवर लावला, आणि तो तिथे असा अडकत चालला की एक गाडी वळेपर्यंत चहा पिऊन व्हावा. म्हणजे मशीनबद्दल तुमचं बरोबरच निघालं! "मी म्हटलंच होतं" असं म्हणायची संधी जन्मात न सोडणारा माणूस तिथे एक शब्द बोलला नाही. तुम्ही आपला सीपीयू तिथेच ठेवला. पाय बरा होयेपर्यंत राहू दे म्हणाले. आणि उंबऱ्यात चप्पल घालताना त्याला म्हणाले, "त्याले सांगू नोको."

काहून, बाबा? मले काहून नाही? त्या पोराला सांगता येतं, त्याच्या आईसमोर, वडिलांसमोर बसून चूक मान्य करता येते, आणि मला सांगताना जीभ झडते? मी दोस्ताला विचारलं तर म्हणतो, तुह्यासमोर चुकायची सवय नव्हती त्यायले. हे काय उत्तर झालं? चुकलं म्हणायला काय लागतं? तुम्हाला त्यापेक्षा लोखंडाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसणं सोपं वाटलं. मी दोस्तालाही सोडलं नाही. फोन का उचलत नव्हता म्हटलं, तर म्हणे, उचलला असता तर तोंडातून निघून गेलं असतं, आणि मग तर सरच गेले, त्यांचा शब्द कसा मोडू? रात्री आईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, मले तवाच माहीत होतं, तुह्या बाबांनी शपथ घातली होती. म्हणजे अख्ख्या घरादाराला माहीत, बार्शीटाकळीला माहीत, अंधारातली कुंडी तेवढी मी.

आणि खरी चीड पुढेच आहे. दिवाळीत सीपीयू परत आला. आई चकल्या तळत होती, मी दारात मोबाइल घेऊन उभा होतो, घरात असून नसल्यासारखा. तुम्ही मला हाक मारली. किती तरी दिवसांनी, आपणहून. कॉम्प्युटरसमोर बसून विचारलं, इकडं ये रे, या चित्राच्या कोपऱ्यात हा बाण कायचा असते? मी आधी घुश्शातच आलो. मग खुर्ची ओढून बसलो आणि तुम्हाला समजावून सांगितलं, तुमच्याच पद्धतीने, हळूहळू, उदाहरण देऊन, मध्ये थांबून, समजलं का विचारत. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं. भलत्याच जागी दोन शंकाही काढल्या. मग मान हलवून म्हणाले, म्हणजे मी त्या पोराले पत्ता देला, घर नाही देलं. मी म्हटलं, हो बाबा, बरोबर. मग आईने दोघांना एकाच ताटलीत गरम चकल्या दिल्या.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! आयुष्यात कोणाला काही न विचारणाऱ्या माझ्या बापाने एकदा मला विचारलं, माझ्याकडून शिकला, आणि ऐकताऐकता असं वाक्य बोलून गेला. बायकोला सांगितली, पोरीला सांगितली. आणि रविवारी कळतं की ते वाक्य तुम्ही त्या खाटेपाशी आधीच बोलून बसले होते. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. शंकासुद्धा खोट्या होत्या.

हे पत्र कुठे टाकणार मी? पोहोचलं असतं तर तुम्ही लाल शाईने शुद्धलेखन तपासून परत पाठवलं असतं, आणि मूळ मुद्द्यावर अवाक्षर लिहिलं नसतं. म्हणून ते इथेच टेबलाच्या खणात राहील. फक्त एक सांगतो. विचारणं खोटं होतं हे आता कळलं, तरी त्या दिवशी तुमच्या शेजारी खुर्ची ओढून बसताना मला फार बरं वाटलं होतं, बाबा. ते अजून तसंच वाटतं.