खांद्यावरची चार बोटं

५ मार्च

ती. आईंस,
सा. सलाम, वि. वि.

तुमचं पत्र आणि गुंडीनं काढलेलं शिलाई मशीनचं चित्र मिळालं. चाक उलट्या बाजूला आहे, पण सुईत दोरा ओवायला विसरली नाही. लेक कुणाची ते कळतं.

मला इथे येऊन पाच महिने झाले. खोली बरी आहे. खाली लाँड्री असल्यानं जमीन दिवसभर कोमट असते. या महिन्यात लग्नाचे दोनच गाऊन आले. लाँड्रीवाल्या बाई म्हणतात, हातात नुसतं कसब असून भागत नाही, ते रोज दाखवावं लागतं. म्हणून सकाळी आधी फोटो काढते, मग स्वतःबद्दल चार ओळी लिहून फोनवर टाकते. काल लिहिलं, 'नाजूक हातांची राजेशाही शिलाई'. लिहिताना कान गरम झाले. आपल्या घरात स्वतःची टिमकी वाजवायची कुणाला सवय? तुमचे चिरंजीव तर बढती मिळाल्याचंही आठ दिवसांनी सांगायचे.

गेल्या रविवारी पाळक विसाव्यावर बोलत होते आणि माझ्या पिशवीत फोन थरथरला. डोळे मिटलेल्या माणसांमध्ये बसून मी तो पाहिला. आई, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?

या रविवारी घरी येत नाही. एक नवरी मापं द्यायला येणार आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत गुंडीला इकडे आणायचं ठरलंय, ते जमवायचं तर आता अंग चोरून चालणार नाही. तिचा एक पापा घ्या.

लोभ आहेच, तो माझ्या चुकांसकट असू द्यावा.

तुमची,
सून


१४ मार्च

चि. सुनबाईस,
अ. उ. आ.

दोन वर्षं झाली त्याला जाऊन, तरी पाकिटावर हातानं सवयीनं 'सौ.' लिहिलं. खोडलं नाही, नवं पाकीट घेतलं.

गुंडीचा पुढचा दात पडला. तू आल्याशिवाय टाकायचा नाही म्हणून काड्यापेटीत ठेवलाय. रोज उघडून बघते, जणू पळून जाईल.

'नाजूक हात' वाचून हसू आलं. माझे दोन कप आणि किटलीचं झाकण त्याच हातांनी फुटलंय. थट्टा राहू दे, पण रविवारी फोन कपाटात ठेवत जा. सहा दिवस हात चालव, सातवा प्रभूवर सोड. सदतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. एकाही रविवारी पेपर तपासले नाहीत आणि त्यापायी एकही मूल नापास झालं नाही.

आता एक विचारायचं आहे. शेजारच्या नर्सबाईंनी काल त्यांच्या फोनवर तुझे फोटो दाखवले. त्यात तुझ्या लग्नातला एक आहे. तू स्वतः शिवलेला गाऊन घालून एकटी उभी आहेस. खांद्यावर चार बोटं आहेत. पहिल्या बोटाचं नख अर्धं. कारखान्यात पट्ट्यात सापडलं होतं, मलमपट्टी मीच केली होती. बाकीचा माझा मुलगा तू कापून टाकलास.

रागावले नाही. नर्सबाईंना म्हणाले, गाऊन छान दिसतोय. मग घरी येऊन भांडी घासली, घासलेलीच परत घासली. एवढंच सांग, उरलेला फोटो कुठे आहे?

तुझी,
आई


२५ मार्च

ती. आईंस,
सा. सलाम, वि. वि.

पुरा फोटो मशीनसमोरच्या भिंतीवर आहे, पहिल्या दिवसापासून. फोनवरचा काल काढून टाकला.

का कापला ते सांगते. आयुष्यात तो एकच गाऊन मी निवांत शिवला. हे समोर बसून सुयांत दोरे ओवून द्यायचे, मोती सांडले की गुडघ्यांवर रांगत शोधायचे. लाँड्रीवाल्या बाईंनी सुचवलं, नवऱ्याची गोष्ट लिही, वाचून लोक रडतील, आणि रडले की येतील. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी लिहायला बसलेही. दवाखान्यापर्यंत पोचले आणि ध्यानात आलं की कुठला शब्द जास्त लागेल ते मी निवडून घेतेय. सगळं पुसलं. त्यांचं मरण दुकानात मांडण्यापेक्षा त्यांना बाजूला करणं बरं वाटलं. हात मात्र काढता येईना. काढायचा तर माझा खांदाही जात होता.

त्या फोटोवर नऊ जणींनी चौकशी केली. दुसऱ्या कशावर एवढी कधी झाली नाही.

तुमचं ऐकून रविवारी फोन कपाटात ठेवला आणि दिवसभर कपाटाकडे बघत बसले. सोमवारी उघडला तर मापं दिलेल्या नवरीनं उत्तर नाही म्हणून दुसरीकडे ठरवलं होतं. प्रभू सांभाळेल यावर माझा भरवसा आहे, आई. पण भरवसा ठेवून स्वस्थ कसं बसायचं ते मला येत नाही. एक गेली की वाटतं, सगळ्या विसरल्या.

म्हणून लिहिते, गुंडीला आणखी वर्षभर तुमच्याकडेच राहू द्या. हे वाक्य तीनदा खोडून लिहिलंय. तिला म्हणावं, दात टाकून दे.

मनातून उतरवू नका.

तुमची,
सून


३० मार्च

चि. सुनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मला आनंद झाला, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. गुंडी वर्षभर राहणार, हेच आधी मनात आलं. रोज जेवणाआधी तुला काम मिळू दे अशी मी मोठ्यानं प्रार्थना करते, गुंडी आमेन म्हणते. मनातल्या मनात मी त्यात 'पण सावकाश' असं घालत आलेय. मुलगा गेल्यावर या घरात धावणारी पावलं तेवढीच उरली. रविवारी फोन बंद ठेव म्हणाले त्यात भक्ती किती आणि स्वार्थ किती, ते प्रभूला ठाऊक. शिवाय माझा पगार ठरल्या तारखेला यायचा. विसाव्याच्या गोष्टी सांगायला माझं काय जात होतं?

म्हणून काल एक केलं. उपासनेनंतर पाळक सूचना वाचतात तेव्हा हात वर केला. उभी राहून म्हणाले, माझी सून गाऊन शिवते, आणि असे शिवते की उलटे करून आतली बाजू बाहेर घालून मिरवावं. पाळक खोकले. दोघींनी तुझा पत्ता घेतला, शिवाय नर्सबाईंनी भाचीसाठी. घरी येऊन ताप आल्यासारखी पडून राहिले. एका दिवसात माझी ही गत, तू हे रोज करतेस.

फोटोचं माझं बोलणं मागे घेते. लावावासा वाटला तर लाव. तो हात त्यानं तुझ्याच खांद्यावर ठेवला होता.

येत्या शनिवारी ये. फोन घेऊनच ये, रविवारी माझ्याकडे दे. वाजला तर मी सांगेन की बाई उपासनेत आहेत. तू नुसती बस. झोप लागली तरी उठवणार नाही.

आणि गुंडीला जूनमध्येच ने. काम कमी असलं तरी ने, तेवढी आई तिला जास्त मिळेल. आज शाळेत जाऊन दाखल्याचा अर्ज आणला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पालकाची सही लागते, आजीची चालेल. मी केली नाही. अर्ज टेबलावर आहे, शेजारी पेन ठेवलंय.

तुझी, आणि सुट्टीत गुंडीला परत मागणारी,
आई