उत्तीर्ण झाल्यामुळे उच्च गणित सोडता येत नसल्याबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका यांस,
(जिन्याखालच्या खिडकीतील कारकूनबाईंमार्फत)

विषय : उच्च गणित सोडून साधे गणित घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे याच विषयावरील आधीचे तीन अर्ज व त्यांवरील 'पाहू' हा शेरा.

महोदया,

अर्जदार ही आपल्या शाळेतील अकरावीची विद्यार्थिनी असून हा तिचा चौथा अर्ज आहे. पहिल्या अर्जात तिने पाल्हाळ लावले होते, दुसऱ्यात ती थोडी रडली होती, तिसऱ्यात काय लिहिले ते तिला स्वतःलाच आठवत नाही. आता तिच्यात त्राण उरलेले नाही, म्हणून मुद्द्याचे तेवढेच लिहिते.

१. उच्च गणिताचा तास शाळा सुटल्यावर चार ते पाच असतो. त्या वेळी अर्जदाराचे आजोबा घरी एकटे असतात. ते पेशाने शिंपी. गेल्या वर्षी त्यांना झटका आला, त्यात उजवा हात गेला आणि वाचाही गेली. रोज कोणीतरी समोर बसून त्यांच्याकडून शब्द म्हणवून घ्यावेत, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आईवडील कामावरून दिवेलागणीनंतर येतात, आणि पाच वाजून गेले की आजोबा दमून भिंतीकडे तोंड करून पडतात. म्हणजे उरला तो हाच एक तास. सुई, दोरा, काज इथपर्यंत ते आले होते, बटण तेवढे राहिले होते. उच्च गणित सुरू झाल्यापासून आधी काज गेले, मग दोरा गेला. आता फक्त सुई उरली आहे.

२. नापास विद्यार्थ्यास विषय सोडता येत नाही, कारण ती पळवाट ठरते, असा आपला नियम आहे. पहिल्या अर्जाच्या वेळी अर्जदार नापास होती. आधी पास होऊन दाखव, मग सही देतो, असे गणिताच्या सरांनी सांगितले. सुटका व्हावी म्हणून अर्जदाराने जीव तोडून अभ्यास केला आणि सहामाहीत ती वर्गात दुसरी आली. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हे तिला उशिरा कळले. इतके छान येत असताना कोणी विषय सोडतो का, असे विचारून सरांनी पेन खिशाला लावले. तिचे नाव फाटकाजवळच्या फळ्यावर लागले व स्पर्धेच्या चमूतही गेले. चमूचा सराव पाच ते सहा असतो.

३. पुढच्या चाचणीत काठावर पास हो, असे कारकूनबाईंनी मायेने सुचवले. अर्जदाराने तसे करून पाहिले. परंतु नेमके काठावर राहायला गणित फार चांगले यावे लागते. सरांनी तिच्या चुका तपासल्या, त्या विचारपूर्वक केलेल्या आहेत असा अभिप्राय दिला आणि रीतीचे गुण वाढवले.

४. राहिली पालकाची सही. वडिलांनी त्या फळ्याचा फोटो कारखान्यात सगळ्यांना दाखवला आहे, त्यामुळे ते सही करत नाहीत. तू शीक, आजोबांचे आम्ही बघू, असे आई म्हणते. कधी बघणार, हे तिलाही ठाऊक नाही. अर्जदाराचा आईवडिलांवर राग नाही. ते दोघेही फार थकलेले असतात.

५. अर्जदार लहानपणी या शाळेत आली तेव्हा प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून आजोबांनीच सही केली होती. म्हणून तिसऱ्या अर्जावर त्यांची सही घेतली. ती 'नमुन्याशी जुळत नाही' म्हणून परत आली. कार्यालयातील नमुना उजव्या हाताचा आहे.

तरी अर्जदारास उच्च गणितातून मोकळे करावे, ही विनंती. भीक नको पण कुत्रा आवर, असे म्हणण्याचा उद्धटपणा ती करत नाही. फळ्यावरचे नाव मात्र पुसले तरी चालेल.

आपली आज्ञाधारक, व आता पुरती दमलेली,
अर्जदार
(अकरावी, खिडकीकडचा शेवटचा बाक)

दिनांक : सहामाहीच्या निकालानंतरचा तिसरा सोमवार

सोबत : आजोबांची सही, पुन्हा एकदा. ही त्यांनी डाव्या हाताने, कापडावर खडूने आखावी तशी सावकाश केली आहे. ती करताना ते मध्येच थांबून 'दोरा' म्हणाले. कृपया ही सही नमुन्याशी जुळवू नये. एकदा नुसती पाहावी.