ड्रॅगनच्या गाण्यावर लेकीची पाठवणी

ती. दादास,

वेइक्कोचा नमस्कार. इकडे आम्ही होतो तसेच आहोत, बटाटे मात्र यंदा बारीक आहेत. तिकडे स्वीडनात तुझा गुडघा जिना चढू देतो का? वहिनींना नमस्कार सांग. त्यांनी विणलेले मोजे मी रोज घालतो (एक जरा मोठा आहे, पण माझे पाय तरी कुठे सारखे आहेत). आमच्या वेन्लाचं लग्न ठरल्याचं तुला कळलंच असेल. मुलगा कागद गिरणीत आहे, नाव यूसो, केस कमरेपर्यंत. माणूस चांगला वाटतो, कारण बोलत नाही.

घोटाळा झाला तो गाण्यामुळे. चर्चमध्ये बापाचा हात धरून आत येताना वेन्लाला एका अल्बमचं शेवटचं गाणं हवं होतं. अल्बमचं नाव ‘राखेच्या मुकुटाची गाथा’. त्यात विजेच्या गिटारी, भरगच्च वाद्यवृंद, चाळीस गायकांचं समूहगान आणि या सगळ्यांच्या वर एक ड्रॅगन. हे तिने मला गोठ्यात सांगितलं. मी काही न बोलता गाईकडे वळलो. आपल्या घरात याला संमती म्हणतात (आणि थोडं कौतुकही). पण पोरगी बरीच वर्षं शहरात राहिलेली. ती तडकली, “नसेल आवडत तर सरळ सांगा ना बाबा! आम्ही सरकारी कचेरीत सह्या करून मोकळे होतो. तुम्हाला कोट घालायला नको नि चालायलाही नको!” तिची आई, माझी आइला, गेल्यापासून तो कोट मी या एकाच दिवसासाठी जपून ठेवला आहे. तिला हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी गाईला चारा घातला.

मग म्हटलं, निदान ऐकून तरी बघू. सीडी घेऊन ट्रॅक्टरवर बसलो आणि गवत कापायला निघालो. सुरुवातीला कानठळ्या बसल्या. पण सोबतच्या पुस्तिकेत नकाशा होता, म्हणून थोडा धीर आला. गोष्ट अशी की म्हाताऱ्या राजाचं राज्य बर्फाखाली गेलेलं, आणि उरलेला एकच ड्रॅगन समुद्रापलीकडे निघालेला. तिसऱ्या गाण्यात घोडदळ उधळलं आणि त्याबरोबर बहुधा मीही. शुद्धीवर आलो तेव्हा शेजारच्या एस्कोच्या शेतात होतो आणि त्याचं ओटचं उभं पीक आडवं झालं होतं. एस्को ताडताड चालत आला. मी दार उघडलं. तो तोंड उघडणार एवढ्यात समूहगान सुरू झालं, आणि तो चाकाला टेकून गाणं संपेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, “ह्या घोड्यांना हे लोक चारा कधी घालतात रे?” मलाही हीच काळजी होती. नकाशाप्रमाणे उत्तरेचा किल्ला महिनाभराच्या वाटेवर आहे आणि हे एका कडव्यात पोचतात.

पण दादा, शेवटचं गाणं ऐकताना मी ट्रॅक्टर बंद केला. राजा ड्रॅगनला निरोप द्यायला कड्यावर येतो आणि मनात आहे ते सगळं, अगदी सगळं, गळा फाटेस्तोवर सांगतो. थांबत नाही, लाजत नाही. तू स्वीडनला निघालास तेव्हा बोटीच्या धक्क्यावर अप्पा तुला काय म्हणाले होते, आठवतं? “टोपी घाल.” तेवढंच बोलून ते घरी आले आणि तीन दिवस लाकडं फोडत बसले. त्यांच्या पाठीशी चाळीस गायक असते तर तेही पुष्कळ बोलले असते. या संगीताला लोक का भुलतात ते मला तिथे कळलं. आपल्यासारख्यांना एवढ्या ढोलांशिवाय तोंड फुटत नाही.

आता चर्चमध्ये काय वाजेल ते ठरवतात ऑर्गन वाजवणाऱ्या रौनीबाई. त्यांच्यासमोर सीडी लावली. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, वेलदोड्याचे दोन पाव खाल्ले आणि निर्णय दिला: ड्रॅगनला हरकत नाही, तो बायबलातही आहे; ढोल मात्र आत येणार नाहीत, सगळं त्या स्वतः ऑर्गनवर वाजवतील. तेव्हापासून त्यांचा सराव चालू आहे. मनोऱ्यावरचे कावळे गाव सोडून गेले. पहिल्या दिवशी पाद्रीबुवा तर तोंडाला साबण तसाच ठेवून धावत आले होते. आमची पंचाईत एवढीच की गाणं आहे नऊ मिनिटांचं आणि चर्च चिमुकलं. त्यामुळे किल्ल्याला वेढा पडला की थांबायचं आणि ड्रॅगन उडाला की चालायचं, असं रौनीबाईंनी बसवून दिलंय. मी वेन्लाच्या जागी छत्री धरून चालतो. यूसोच्या जागी झाडू उभा असतो (तोही बोलत नाही).

तू आणि वहिनी दोन दिवस आधीच या. वाफेच्या अंघोळीला सौना तापवून ठेवतो.

तुझा,
वेइक्को

ता. क. एस्कोने ओटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. सीडी मात्र नेली आहे आणि परत द्यायचं नाव घेत नाही.

पुन्हा ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहायला घेतलं होतं. रविवारी वेन्ला आली आणि सराव ऐकून म्हणाली, “अहो बाबा, माझ्यापायी केवढा हा खटाटोप! मी रागात बोलून गेले हो. लग्न चर्चमध्येच करू, आणि नेहमीची छोटी सुरावटच वाजू दे.” म्हणजे सगळं सुरळीत झालं, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. दादा, ती तुझं ऐकते. तिला फोन कर आणि ते लांबलचक गाणंच घ्यायला लाव. कारण काहीही सांग, रौनीबाईंचा विरस होईल म्हणून सांग. छोट्या सुरावटीवर मी तिचा हात धरून दारातून आत आलो की लगेच समोर यूसो. आपलं चर्च फार लहान बांधलंय रे.