अण्णांनी मागवलेली पिल्लं

विश्वा,

वाळूजहून आलास की आधी स्वयंपाकघरात जा. टोपलीत कोंबडीची पाच पिल्लं आहेत. त्यांना डब्याच्या झाकणात गूळपाणी ठेव, वाटीत नको, बुडतील. हात लावलास तर साबणानं धू.

सकाळी अण्णांच्या नावाचं पार्सल आलं. जायच्या आधी त्यांनीच मागवलेलं. खोकं उघडलं तर ही पाचच जिवंत. बाकीची सगळी मेलेली होती, एकमेकांच्या अंगावर. नुकतं जन्मलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन-तीन दिवस तगतं, त्याच भरवशावर ती पाठवतात. पार्सलवाला म्हणाला, "ताई, रोज फोन लावला, बंदच. खोकं पत्र्याच्या गोदामात पडून होतं."

अण्णांचा फोन आईनं बंद करून ठेवलाय. सांत्वनाला फोन करणाऱ्यांशी बोलणं तिला सोसेना. पार्सलवाल्याचं बोलणं तिनं ऐकलेलं नाही. खोक्याकडं बघत ती एवढंच म्हणाली, "लई वर्षं मागं लागले होते मी, दारात कोंबड्या पाहिजेत म्हणून. नाय नाय म्हणत मागवल्या व्हय यांनी."

मेलेली पिल्लं घेऊन देवगावला जातेय, शेतात पुरीन. आपल्या कॉलनीत आता खोदायला माती कुठं राहिलीय. अण्णांचा फोनही सोबत नेलाय. चालू केला तर पार्सलवाल्याच्या कॉलचे सगळे मेसेज तिला दिसतील.

आईनं विचारलं तर पिल्लं उन्हानं गेली म्हण. ऊन खरंच फार आहे.

ताई