पावती नसलेले पैसे

३ मार्च, मंगळवार

दोन लाख चाळीस हजार! नोटीस तीनदा वाचली. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचली. आकडा तोच.

ठकीच्या पोटगीची थकबाकी. तीस महिने, महिन्याला आठ हजार, आणि म्हणे त्यातला छदामही मिळाला नाही. अरे, मग बावीस महिने दर रविवारी ठकीला सोडायला गेलो की तिच्या आईच्या हातात दोन-दोन हजार ठेवत होतो ते काय होतं? कोर्टात भरले तर तिच्यापर्यंत पोचायला दीड-दीड महिना लागायचा. तीच म्हणाली होती, "हातातच दे ना, शाळेचं-दुधाचं तरी भागेल." मला पटलं. दोघंही स्वतःला फार शहाणे समजलो.

शेवटचे आठ महिने मात्र कमी दिले. कधी हजार, कधी पाचशे, काही रविवार काहीच नाही. इथे लपवून काय करू, कोण वाचतंय!

३० तारखेला हजर व्हायचं. पैसे भरले नाहीत तर महिनाभर आत.

४ मार्च

झोप नाही. कामावर एका कवळीचे दोन दात उलटे बसवले. मालकांना कळायच्या आत काढले.

६ मार्च, शुक्रवार

कोर्टाच्या खिडकीवर गेलो. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पावती आहे?" म्हटलं, हातात दिलेत. "पावती नाही म्हणजे दिले नाहीत." म्हटलं, माझ्या मुलीला विचारा! मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

मग वकीलबाईंकडे. कोर्टाने दिलेल्या, फुकटातल्या आहेत, पण बोलणं फुकटचं नाही. "पगार निम्मा झाला तेव्हाच का नाही आलात? रक्कम कमी होते ती अर्जाच्या तारखेपासून. मागचं आहे तसंच राहतं."

का नाही आलो? लाज. दुसरं काय. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, मी एकोणीस वर्षं भरलं. मेणात एकेक दात कोरायचो, डॉक्टर लोक माझंच काम मागायचे. मग मशीन आलं. माझ्या दोन दिवसांचं काम ते चहा पिऊन होईपर्यंत करतं. मालक म्हणाले, "तू आठवड्यातून तीनच दिवस ये." सव्वीस हजारांचे बारा झाले. मला वाटलं, मशीन बिघडेल आणि हे मला बोलवायला येतील. आठ महिने त्याची वाट बघितली! असा मी हुशार.

८ मार्च, रविवार

ठकी आली. नऊ वर्षांची झालीय, पण बोलते आजीबाईसारखी. बागेत झोपाळ्यावर बसून म्हणाली, "आईचं आणि मामाचं भांडण झालं. मामा म्हणाला, एकदा बेडी पडली की सुतासारखा सरळ येईल. बाबा, तुला बेडी पडणार?"

म्हटलं, माझ्या मनगटातून ती गळूनच पडेल. ती हसली नाही. झोका थांबवून माझं मनगट बघितलं तिने.

सोडायला गेलो तेव्हा पाचशे दिले. तिच्या आईने पर्समध्ये टाकले. पावती मागायची असं वाटेभर घोकलं होतं. पण ठकी मध्ये उभी! दातखीळ बसली.

११ मार्च

ताईला उसने पैसे मागायला फोन केला. "ह्यांना विचारून सांगते." म्हणजे नाही.

१७ मार्च, मंगळवार

शपथपत्र भरलं. महिन्याला चार हजार करा, असा अर्ज. पगार, भाडं, वीज, सगळं लिहिलं. मग रकाना आला, इतर उत्पन्न.

आहे. सहा महिन्यांपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोडक्या कवळ्या जोडतो. एका म्हाताऱ्याची जोडली, त्याने दहा जणांना सांगितलं. महिन्याला सहा-सात हजार सुटतात, रोख. भाडं त्यातूनच जातं.

वकीलबाईंना विचारलं, पावती नसलेलं पण लिहायचं? त्यांनी चष्मा काढला. "हे मी ऐकलं नाही. सगळं लिहायचं असतं. सही तुमची आहे."

चांगली पाच मिनिटं पेन धरून बसलो. शून्य लिहिलं. पावती नाही म्हणजे मिळाले नाहीत! त्यांचाच कायदा, त्यांनाच परत.

घरी येईपर्यंत रस्त्यात तीनदा वाटलं, परत जावं. गेलो नाही.

२२ मार्च, रविवार

ठकी नाही. तिच्या आईचा मेसेज, "कोर्टाचं होईपर्यंत नको. दादा म्हणतोय."

दादा म्हणतोय! ठकी त्याची मुलगी आहे का?

दुपारी एक आजोबा आले, कवळी दोन तुकड्यांत. तोंडावर हात धरून खुर्चीत बसून राहिले, मी जोडेपर्यंत. बोलता येत नव्हतं म्हणून नुसते माझ्याकडे बघत होते. सांधा दोनदा चुकला, पुन्हा घासून जोडला. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नाही. जाताना म्हणाले, "तुझ्या हातांना यश आहे रे बाळा." दार लावून रडलो. हे असलं रडणं मला जमत नाही, नाकच जास्त वाहतं.

२७ मार्च, शुक्रवार

मालकांना सांगितलं. न सांगून कसं चालेल, सोमवारी आत टाकलं तर? म्हणाले, "महिनाभर जागा धरून ठेवायला ही काय धर्मशाळा आहे?" म्हणजे आत गेलो तर नोकरीही गेली. नोकरी गेली की पोटगी द्यायची कुठून? मग पुन्हा आत. हे असंच फिरत राहणार. आणि रविवार कोणाचे?

पिशवी भरून ठेवली. दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान. दाढीचं आत नेऊ देतात का, कोणाला विचारायचं?

३० मार्च, सोमवार

घरी आलो. घरी!

न्यायाधीशांनी ठकीच्या आईला सरळ विचारलं, "यांनी हातात पैसे दिले?" शेजारी तिचा दादा. मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं.

ती म्हणाली, "हो. बावीस महिने पूर्ण दिले. नंतर कमी, पण दिले."

दादा ताडकन उठला. न्यायाधीशांनी त्याला बसवलं. मग तिला, "अर्जात तर काहीच मिळालं नाही असं लिहिलंय." ती म्हणाली, "अर्ज दादाने करून आणला. मी न वाचता सही केली. चूक माझी." चांगलं फैलावर घेतलं तिला, सगळ्यांसमोर. ती उभीच होती, मान वर करून. एकही पावती नसताना सगळं कबूल केलं बाईने! तिच्या जागी मी असतो तर केलं असतं?

आता थकबाकी चव्वेचाळीस हजार, हप्त्यांनी. महिन्याला आठचे चार. रविवारी ठकी येणार. पिशवीतले शर्ट परत कपाटात ठेवले.

३१ मार्च

काल एक लिहायचं राहिलं.

रक्कम कमी करण्याआधी न्यायाधीशांनी शपथपत्र चाळलं आणि मला विचारलं, "इतर उत्पन्न शून्य. बरोबर?" ठकीच्या आईने माझ्याकडे बघितलं. तिला टेबलावरच्या कवळ्या माहीत आहेत. ठकी घरी जाऊन सगळं सांगते. ती नुसती वाट बघत राहिली.

मी म्हणालो, "बरोबर."