राबातली कोंबडी

टोकावडे
ता. ६ मे १९९८

चि. मेघास,
सोमामामाचे अनेक आशीर्वाद, घरी सर्वांना जय भीम. वि. वि. तुझी कावीळ उतरत असल्याचं कळलं. तेलकट खाऊ नकोस. खाल्लंस तर आईला कळू देऊ नकोस.

तू आजारी पडून घरी गेल्यापासून तुझं यंत्र घेऊन तुझ्या अभ्यासातल्या रानकोंबडीचा माग मीच काढतो आहे. तिच्या गळ्यातल्या पट्ट्याची टिकटिक आता रानातून नव्हे, आपल्या शेतातून येते. मला वाटलं यंत्र बिघडलं. पण बाईसाहेब आपल्याच राबात अंडी घालून बसल्या आहेत! भाताच्या वाफ्यावर भाजण्यासाठी शेण, टहाळ, पातेरा पसरला होता, त्याच्याच कोपऱ्यात.

पाऊस तोंडावर आला, राब भाजायला हवा. तुझ्या सरांचा नियम, पाखराला त्रास द्यायचा नाही आणि मदतही करायची नाही. भाजला तर त्रास, न भाजला तर मदत. काय करू ते उलट टपाली कळव. राब अडला म्हणून मामी तुझ्यावर रागावलेली नाही, असं लिहायला तिनं दोनदा सांगितलं आहे. यावरून काय ते समज.
तुझा,
सोमामामा


सापगाव
ता. ११ मे १९९८

ती. सोमामामांस,
मेघाचा सविनय जय भीम. तुमचं पत्र वाचून माझा ताप परत आला, असं आईचं म्हणणं आहे.

पट्टा बांधलेल्या बाकी कोंबड्यांची घरटी मुंगसांनी आणि घोरपडींनी फस्त केली. हे एकच उरलं. यातून पिल्लं निघाली तर अभ्यास पुढे चालेल, नाहीतर गाशा गुंडाळायचा, असं सरांनी आधीच बजावलंय. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, शेतकरी दरवर्षी जे करतो तेच करू द्या. मामा, लिहिताना रडू येतंय, पण तुम्ही दरवर्षीप्रमाणेच करा.

मामीला नमस्कार. लोभ कमी करू नका.
तुमची,
मेघा


टोकावडे
ता. ३० मे १९९८

चि. मेघास,
आशीर्वाद. तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढंच ना, अंड्यावर बसलेली कोंबडी आमी कोणत्याच वर्षी उठवत नाय, घरची काय नि रानची काय. मग तिनं कोपऱ्याभोवतीचा पातेरा ओढून काढला आणि भरलेल्या घागरी घेऊन तिथं उभी राहिली. मी बाकीचा राब भाजला. धुरानं कोंबडी उडाली. मामी दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी कोंबडी परत येऊन बसली, तेव्हा जेवली.

परवा सहा पिल्लं निघाली. न भाजलेल्या कोपऱ्यात तण माजेल. माजू दे.
सोमामामा


सापगाव
ता. ८ जून १९९८

ती. मामा,
सविनय जय भीम. सरांना सगळं खरं कळवलं, घागरींसकट. त्यांच्या मते ही मदतच झाली. घरटं मोजणीतून काढलं, अभ्यास बंद. मी भांडले, की मामीची रीतही दरवर्षीचीच, त्या रानातलीच आहे. मुद्दा चांगला आहे म्हणाले आणि फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं.

मामीला यातलं काही सांगू नका. आपल्यामुळे झालं असं तिला वाटेल.
मेघा


टोकावडे
ता. १४ जून १९९८

चि. मेघास,
आशीर्वाद. पोस्टमनकडून पत्र मामीनंच घेतलं आणि वाचायला मला समोर बसवलं, तेव्हा लपवायची सोय राहिली नाही. ऐकून ती उठून उंबऱ्यात जाऊन बसली. मला वाटलं, रडणार.

कोंबडी रोज सकाळी सहाही पिल्लं घेऊन वाफ्यात उतरते आणि पेरलेलं भात उकरून खाते. मामी म्हणते, सरांनी मोजली नाय तरी जेवायला रोज आमच्याकडंच येतात. तुला लगेच बोलावलं आहे. मोजायला नाय, हाकायला ये म्हणते.
तुझा,
सोमामामा