जिन्यातली हाक

सर, तुम्हाला मराठीतला एकच शब्द यायचा, ‘बस’. इथे आखातात, करामाच्या आमच्या घरी बायकोने तुमच्या पानात पुन्हा भात वाढला, तेव्हा तिनेच तो शिकवला होता. साइटवरचं सगळं काम मला तुम्ही शिकवलंत, म्हणून जेवायला बोलावलं होतं. तुम्ही दाराजवळची खुर्ची सोडली नाहीत. मला वाटलं, कोरियन माणसाचा संकोच असेल.

मग मंदी आली. टॉवर अर्धवट राहिला, निम्मं ऑफिस रिकामं झालं. उरलेलं सामान बघायला मॅनेजरने आपल्याला वर धाडलं. मी लिफ्टच्या पिंजऱ्याचं दार उघडलं, तर तुम्ही माझा दंड धरलात. “नो. मेंटेनन्स बंद आहे. जिन्याने.” मी कुरकुरत मागून चढलो. आपण मध्यावर असताना तो पिंजरा रिकामाच खाली कोसळला. जिना हादरला, धुळीने काही दिसेना. वाचलो म्हणून मी वेड्यासारखा हसत सुटलो. आणि सगळी साइट ज्यांना घाबरायची ते तुम्ही डोक्यावर हात घेऊन खाली बसला होतात, कुणाला तरी हाका मारत होतात.

मी शेजारी बसतो. तुमचा शर्ट घामाने चिंब आहे. “धाकटी बहीण,” तुम्ही म्हणता. “आमच्याकडे इमारत पडली होती. ढिगाऱ्यात ती माझ्या जवळच होती. दिसत नव्हती, बोलत होती. मग बोलायची थांबली.”

“किती वर्षं झाली, सर?”

“इमारत रोज पडते.”

“घरी माहीत आहे?”

“बायकोला वाटतं, मला झोप कमी लागते.”

काही दिवसांनी तुमचीही नोकरी गेली, तुम्ही कोरियाला परतलात. पुढे एकदा इराणकडे भूकंप झाला आणि इथे आमची इमारत झुलली. मी लेकीला टेबलाखाली ओढून घट्ट आवळून धरलं. “बाबा, इट्स ओव्हर. यू आर हर्टिंग मी,” ती म्हणाली. तरी माझे हात सुटेनात. कानांत त्या पिंजऱ्याचाच आवाज होता. डॉक्टर म्हणाले, मनात ठेवू नका, बोला. मी बायकोला सगळं सांगितलं. तुम्ही कुणाला सांगितलंत का, सर?

तुम्ही गेल्याचं तुमच्या मुलीने मेलवर कळवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कशाने गेलात, ते तिने लिहिलं नव्हतं. तुम्ही तर धडधाकट होतात. हे लिहिलेलं तिला पाठवावं असं फार वाटतं. पण मग ती उत्तर देईल, आणि ते वाचायची माझी छाती नाही.